ही बाटली आणि ती बाटली



रानात असाल, चुलीपाशी असाल, नाहीतर बागेत विरळणी करताना मोबाइल कमरेला खोचून ऐकत असाल, तर हात थांबवू नका. कान तेवढे इकडे द्या. आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत तो या कार्यक्रमात पूर्वी कधी आला नसेल. विषय आहे वाइन. तीही लाल आणि ड्राय.

दचकू नका. आम्ही बचत गटाच्या बाया दारूची जाहिरात करायला आलेल्या नाही. आमचं गाव दिंडोरी तालुक्यातलं, आणि या गावात आम्हीच सह्या गोळा करून बाटली आडवी केली आहे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गावातलं दारूचं दुकान बंद व्हावं असं वाटलं, तर पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी करायची. मग मतदान होतं. चिठ्ठीवर एक उभी बाटली, एक आडवी. आडवीला निम्म्याहून जास्त मतं पडली की दुकान बंद. पण ही निम्मी मतं हजर असलेल्यांची नव्हे, गावातल्या एकूण मतदारांची. म्हणून त्या दिवशी म्हाताऱ्या सासूबाईंना सुद्धा रिक्षात घालून केंद्रावर न्यावं लागतं. आम्ही नेलं होतं.

आता अशा गटापुढे दोन वर्षांपूर्वी जानेवारीत एक काम आलं. गावाच्या शिवेवर एका कुटुंबाची पाच एकर द्राक्षबाग आहे. पूर्ण सेंद्रिय. आईवडील, मुलगा, सून, सगळे बागेत राबतात. बागेत खायची द्राक्षं नाहीत, वाइनची आहेत. शेडमध्ये चार स्टीलच्या टाक्या आहेत, रीतसर परवाना आहे आणि तिथेच ते थोडी वाइन बनवतात. त्यांना तोडणीला बाया हव्या होत्या. ठेकेदाराकडून नको, गटाकडूनच हव्यात म्हणाले. रोज चांगला होता, काम पंधरा-वीस दिवसांचं होतं.

आमच्या गटात बारा जणी. दोघींची स्वतःची थोडी बाग आहे, बाकी दहा जणी रोजानं जाणाऱ्या. मासिक सभेत हा विषय निघाला आणि अर्ध्या मिनिटात दोन तट पडले. एक म्हणाली, "द्राक्षं ती द्राक्षं. तोडून द्यायची, पुढं ते काय करतात ते त्यांचं." दुसरी म्हणाली, "दारूच्या दुकानापुढं बसलो होतो ते विसरलात काय गं?" आमच्यातल्या एका ताईंचा नवरा दारूनं गेला. पदरात दोन लेकरं ठेवून गेला. त्या सहसा सभेत बोलत नाहीत. त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "मला फक्त सांगा, ह्या बाटलीत आणि त्या बाटलीत फरक काय?"

कोणालाच उत्तर देता आलं नाही. सभेच्या वहीत निर्णयाची जागा कोरी राहिली. मग ठरलं की आधी जाऊन बघू, विचारू, आणि पुढच्या सभेत बोलू. आज आम्ही जे सांगतोय ते त्या बघण्याचं आणि त्यानंतरच्या दोन हंगामांचं आहे.

पहिली गोष्ट बागेची. नाशिक जिल्ह्यात राहतो म्हणून आपल्याला वाटतं की द्राक्षातलं आपल्याला सगळं कळतं. खरं तर आपल्याला खायच्या द्राक्षातलं कळतं. थॉमसन, सोनाका, शरद. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, मग फेलफुटी काढा, शेंडे मारा, घडाची विरळणी करा आणि मणी फुगवायला जीएच्या पाण्यात घड बुडवा. हे डिपिंगचं काम करून आपले हात संध्याकाळपर्यंत कसे होतात हे आम्ही तुम्हाला सांगायला नको.

वाइनचं द्राक्ष उलटं. त्याला मोठा मणी नकोच. त्या बागेत शिराज नावाचा वाण आहे. मणी करवंदाएवढा, साल जाड, आत बिया, रंग काळा निळा. मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानानं साल जास्त. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतूनच येतो. म्हणून जीए नाही, फुगवण नाही, डिपिंग नाही. एकरी मालही मुद्दाम कमी ठेवतात. बाजारात नेलं तर त्या द्राक्षाकडे कोणी बघणार नाही. आमच्यातल्या एकीनं तोंडात टाकलं आणि म्हणाली, "गोड आहे हो, पण निम्म्या बियाच."

दुसरी गोष्ट सेंद्रियची. आपल्याकडे सेंद्रिय म्हणजे औषधच मारायचं नाही अशी समजूत आहे. तसं नाही. द्राक्ष हे नाजूक पीक. पावसाळी हवा झाली की डावणी येते, थंडी पडली की भुरी. सेंद्रिय बागेतही बोर्डो मिश्रण आणि गंधक वापरायला मुभा असते, पण मर्यादेत आणि नोंद करून. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. एक टक्क्याचं करायचं तर एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी.

या बोर्डोची एक गंमत आम्हाला तिथल्या सूनबाईंनी सांगितली. बोर्डो हे फ्रान्समधल्या वाइनच्या मुलखाचं नाव. तिथले बागायतदार रस्त्याकडच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. कशासाठी, तर येणाऱ्याजाणाऱ्यांनी द्राक्षं चोरून खाऊ नयेत म्हणून. १८८० च्या सुमाराला तिथे डावणीनं बागा बसल्या. तेव्हा मिलार्डे नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की रस्त्याकडच्या वेली तेवढ्या हिरव्या आहेत. त्यांनी प्रयोग केले, १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले आणि जगाला हे औषध मिळालं. आपल्या नवऱ्यांनी बोर्डो मारलं की आपल्या लुगड्यावर जे निळे डाग पडतात, त्यांची गोष्ट ही अशी वाइनच्या बागेत सुरू झाली.

पण सेंद्रिय असलं तरी मोरचूद जमिनीत साठत जातो, आणि गंधकानं डोळे चुरचुरतात. म्हणून सेंद्रिय बागेतही फवारणीनंतर लगेच बायांनी आत जायचं नसतं. हे आम्ही त्या दिवशी पक्कं करून घेतलं. बाकी त्यांचं सगळं शेणखत, जीवामृत, दशपर्णी अर्क, ट्रायकोडर्मा यांवर चालतं. बांधाला उंच झाडांची रांग आहे, कारण शेजारची फवारणी वाऱ्यानं येते. कडेच्या ओळींचा माल ते वेगळाच ठेवतात.

आणि वही! मैत्रिणींनो, सेंद्रिय प्रमाणपत्र म्हणजे निम्मं काम वहीचं. कुठल्या तारखेला काय टाकलं, किती टाकलं, कुठून आणलं. द्राक्षासारख्या बहुवार्षिक पिकाला प्रमाणपत्र मिळेपर्यंत तीन वर्षं जातात. त्या तीन वर्षांत उत्पन्न घटतं आणि भाव मात्र साधाच मिळतो. त्या घरानं ती वर्षं कांदा आणि गाईच्या दुधावर काढली. वही सूनबाई ठेवतात. त्यांची वही बघून आमची सचिव म्हणाली, "आपल्यापेक्षा पक्की आहे." आमच्यासाठी ही मोठी शिफारस होती.

औषधाचा विषय आम्ही एवढा लांबवला, कारण गटातल्या बायांना बागेकडे ओढणारी खरी गोष्ट तीच होती. २०१० साली आपल्या भागातून युरोपात गेलेल्या द्राक्षांत वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश सापडला आणि कंटेनर अडकले, ते तुम्हाला आठवत असेल. त्यानंतर मालात किती अंश राहिला हे तपासायची शिस्त लागली, आणि ते चांगलंच झालं. पण मालाची तपासणी झाली, विरळणी करणाऱ्या हातांची कोणी केली नाही. आमच्यातल्या चौघींना दरवर्षी हंगामात हाताला पुरळ येतं. सकाळी फवारणी आणि दुपारी विरळणी हे आम्ही कितीतरी बागांत केलं आहे. "नाही" म्हणायची सोय नव्हती.

आता वाइन कशी बनते ते सांगतो. तोडणी पहाटे चारला सुरू होते. कारण द्राक्ष थंड असताना टाकीत जायला हवं, उन्हात तापलं तर वाटेतच आंबायला लागतं. कपाळाला बॅटरी बांधून, कात्रीनं घड कापायचा, सडका किंवा सुकलेला मणी जागीच काढायचा आणि क्रेटमध्ये अलगद ठेवायचा. आपटायचा नाही. पहिल्या दिवशी आम्ही खायच्या द्राक्षासारखं देठाला धरून, लव न पुसता हाताळत होतो. काकू हसल्या, म्हणाल्या, "लव गेली तर चालेल गं, साल फुटायला नको."

क्रेट शेडमध्ये गेला की यंत्रानं देठ वेगळे होतात आणि मणी हलके चेचले जातात. पांढऱ्या वाइनला रस काढून घेतात आणि साल टाकतात. लाल वाइनला रस, साल, बिया सगळं एकत्र टाकीत जातं. यीस्ट टाकतात. यीस्ट म्हणजे खमीरच, पाव फुगवणाऱ्या खमिराच्या जातीचं. ते रसातली साखर खातं आणि तिचा अल्कोहोल आणि वायू करतं. साली वर तरंगून जाड साय धरतात. ती दिवसातून दोन-तीनदा दांड्यानं खाली दाबावी लागते, म्हणजे रंग उतरतो आणि वरचा थर खराब होत नाही. आठ-दहा दिवस हे चालतं. मग रस गाळून, चोथा दाबून, वाइन मुरायला ठेवतात.

इथे एक इशारा. कुठेही अशा कामावर गेलात तर लक्षात ठेवा. आंबताना जो वायू निघतो तो कर्बवायू. दिसत नाही, हवेपेक्षा जड असतो, टाकीत आणि जमिनीलगत साठतो. टाकीत डोकावून वाकायचं नाही, रिकामी दिसली तरी धुवायला एकटीनं आत उतरायचं नाही. जुन्या विहिरीत उतरलेली माणसं जशी गुदमरतात तसंच इथे होतं. शेडची दारं उघडी, पंखा सुरू आणि बाहेर दुसरं माणूस उभं, एवढं असल्याशिवाय टाकीजवळचं काम घ्यायचं नाही.

आणि आता "ड्राय" या शब्दाचं. आमच्यात पहिल्यांदा हा शब्द आला तेव्हा एक ताई म्हणाली, "सुकी दारू? म्हणजे पूड असते का?" दुसरीला ड्राय डे आठवला. ती म्हणाली, "ज्या दिवशी दारू मिळत नाही तो ड्राय डे, मग ड्राय वाइनमध्ये दारू नसेल." खूप हसलो. पण अर्थ वेगळाच निघाला. ड्राय म्हणजे गोड नसलेली. रसातली साखर खमिरानं जवळजवळ सगळी खाल्ली की वाइन ड्राय झाली. साखर थोडी राहू दिली तर ती गोडसर राहते.

आणि साखर गेली म्हणजे ती कुठे गेली? अल्कोहोलमध्ये. हा मुद्दा नीट ऐका. तोडणीच्या वेळी त्या बागेत साखर २३ ब्रिक्सच्या आसपास असते. ब्रिक्स म्हणजे साधारण शंभर ग्रॅम रसात इतके ग्रॅम साखर. सूनबाई छोट्या दुर्बिणीसारख्या यंत्रावर रसाचा थेंब टाकून उजेडाकडे धरून मोजतात. २३ ब्रिक्सची वाइन पूर्ण ड्राय केली की तिच्यात १३ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल येतो. बाटलीवर तेवढंच छापलेलं असतं.

चव विचाराल तर आमच्यातल्या दोघींनी टाकीतली बोटावर घेऊन बघितली. एक म्हणाली, "जांभूळ खाल्ल्यावर जीभ कशी होते तशी झाली." दुसरी म्हणाली, "आणि याला लोक एवढे पैसे देतात?" बाकीच्यांनी घेतली नाही. कोणी कोणाला आग्रह केला नाही.

आता त्या ताईंच्या प्रश्नाकडे येतो. ह्या बाटलीत आणि त्या बाटलीत फरक काय?

आम्ही कागद-पेन घेऊन हिशेब केला. तुम्हीही करा. दारूच्या दुकानातली क्वार्टर म्हणजे १८० मिली. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे शुद्ध अल्कोहोल ७७ मिली. वाइनची बाटली ७५० मिलीची, १३ टक्क्यांची. म्हणजे अल्कोहोल ९७ मिली. वाइनच्या अख्ख्या बाटलीत क्वार्टरपेक्षा जास्त अल्कोहोल निघाला. एका पेल्याचा हिशेब केला तर वाइनचा १५० मिलीचा पेला आणि कडक दारूचा ४५ मिलीचा पेग, दोन्हींत अल्कोहोल सारखाच, १९ मिलीच्या आसपास.

हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा सभा शांत झाली.

लाल वाइन हृदयाला चांगली असते असं आपण ऐकतो. शिकलेली माणसंही सांगतात. सालीतले काही घटक चांगले असतील, पण ते द्राक्ष खाल्लं तरी मिळतात, आणि आपल्या पोरांना ते दुकानात नाही, बांधावर मिळतं. २०२३ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की दारूचं अमुक प्रमाण आरोग्याला सुरक्षित आहे असं म्हणता येत नाही. कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं तर १९८८ मध्येच दारू कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकली, ज्यात तंबाखू आहे. बायांना होणारा स्तनाचा कर्करोगही त्यात येतो. वाइन, बिअर, देशी असा भेद तिथे नाही. गरोदरपणात तर एक घोटही नको. आणि द्राक्ष सेंद्रिय असलं म्हणून अल्कोहोल सेंद्रिय होत नाही, तो तोच असतो.

मग फरक काहीच नाही का? आहे. फरक बनवण्यात आहे. जमिनीत आहे, वेलीत आहे, आमच्या हातांत आहे. त्या बागेत तोडणी करून घरी आलो की हाताला खाज नसते. गल्लीत चोरून विकली जाणारी हातभट्टी कशापासून केली आहे हे कोणी सांगत नाही, इथे प्रत्येक टाकीचा हिशेब आहे. किमतीमुळे आमच्या गावातला रोजंदारीवाला ती रोज पिऊ शकत नाही. पण पोटात गेल्यावर, यकृतात गेल्यावर तो फरक उरत नाही. आम्ही त्या ताईंना सभेत हेच उत्तर दिलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "खरं सांगितलंत, बरं वाटलं. पण मी येणार नाही."

त्या आल्या नाहीत. त्या हंगामात त्या कांद्याच्या खळ्यावर निवडायला गेल्या. तिथला रोज कमी होता. त्यांना कोणी समजावायला गेलं नाही, आणि त्यांनीही जाणाऱ्यांना टोमणा मारला नाही. गटानं एक ठराव मात्र केला की दुसरं कुठलंही काम गटाकडे आलं तर पहिला नंबर त्यांचा आणि त्यांच्यासोबत राहिलेल्या आणखी दोघींचा. तत्त्वासाठी ज्यांनी रोज सोडला, त्यांचं नुकसान त्यांच्या एकट्याच्या पदरात टाकायचं नाही, एवढं आम्हाला जमण्यासारखं होतं.

नऊ जणी गेलो. पण अटी घालून. त्या अटी सांगतो, कारण वाइन असो नसो, तुमच्या कामाला त्या उपयोगी पडतील.

पहिली, तोडणीला गड्याला जो रोज, तोच बाईला. समान कामाला समान वेतन हे १९७६ पासून कायद्यात आहे, मागायला लाजायचं नाही. दुसरी, पैसे प्रत्येकीच्या स्वतःच्या बँक खात्यात, दर आठवड्याला. तिसरी, पहाटे चारला अंधारात चालत येणार नाही, गाडी घरापर्यंत यायची आणि पहिली बाई चढल्यापासून शेवटची उतरेपर्यंत सूनबाई किंवा काकू सोबत असायच्या. चौथी, फवारणीची वही आम्हाला वाचायला मिळायची आणि ओळीत कधी जायचं हे त्या वहीवरून ठरायचं. पाचवी, हंगाम संपल्यावर भेट म्हणून बाटली द्यायची नाही. पूर्वी एका दुसऱ्या ठिकाणी असं झालं होतं. खुशाली म्हणून बाटल्या वाटल्या, आणि त्या रात्री दोन घरांत काय झालं ते आम्ही इथे सांगत नाही.

सहावी अट सगळ्यांत अवघड गेली. त्या घरची इच्छा होती की बाटलीच्या कागदावर बचत गटाच्या महिलांनी तोडलेली द्राक्षं असं छापावं. शहरातल्या गिऱ्हाइकाला आवडतं म्हणाले. नऊवारीतला फोटोही हवा होता. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, मान द्यायचाच होता. आमच्या कामाचा आम्हालाही अभिमान आहे. आयुष्यभर आमचं तोडलेलं द्राक्ष कुठल्या कुठल्या देशात गेलं, त्यावर आमचं नाव कधी आलं नाही. आणि पहिल्यांदा येणार होतं, ते दारूच्या बाटलीवर. आम्ही नाही म्हणालो. गटाचं नाव म्हणजे त्या कांद्याच्या खळ्यावर बसलेल्या ताईंचंही नाव होतं.

त्यांनी मानलं. आता शेडमध्ये प्रत्येक टाकीच्या पाटीवर तोडणीची तारीख आणि तोडणाऱ्यांची नावं खडूनं लिहितात. ते फक्त आमच्यासाठी.

ज्या दोघींची स्वतःची बाग आहे, त्यांनी विचारलं, आपणही वाइनचं द्राक्ष लावावं का? औषध कमी, मजुरी कमी. इथे सावध राहा, मैत्रिणींनो. राज्य सरकारनं २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले, आणि नाशिक भागात खूप जणांनी वाइनच्या बागा लावल्या. २००८-०९ च्या मंदीनंतर वायनरींत माल पडून राहिला, पैसे अडकले, आणि पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या बागा लोकांनी कुऱ्हाडीनं तोडल्या. आमच्यातल्या एकीच्या माहेरी हेच झालं. खायचं द्राक्ष एकानं नाही घेतलं तर दुसरा व्यापारी घेतो, नाहीतर बेदाणा होतो. बियांचं, जाड सालीचं शिराज वायनरीनं नाही घेतलं तर कोणी घेत नाही. लेखी करार, भाव, उचल कधी, पैसे किती दिवसांत, हे कागदावर आल्याशिवाय एक काडीही लावू नका. त्या दोघींनी लावलं नाही. सेंद्रियची वही मात्र सुरू केली, खायच्या द्राक्षासाठी. यंदा दुसरं वर्ष.

त्या घरचंही एक सांगायचं राहिलं. साखर मोजते सून, वही ठेवते सून, तपासणीला माणूस आला की उत्तरं देते सून. आणि सात-बाऱ्यावर नावं सासऱ्यांचं आणि नवऱ्याचं. एकदा चहा पिताना आमच्या अध्यक्षांनी विषय काढला. लक्ष्मी मुक्तीखाली नवऱ्याच्या हयातीतच बायकोचं नाव सात-बाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावता येतं, त्यासाठी तलाठ्याकडे नवऱ्यानं अर्ज करायचा. सूनबाई काही बोलल्या नाहीत. काकूच म्हणाल्या, "माझंही लावा मग." यंदाच्या हंगामात गेलो तेव्हा कळलं, दोन्ही अर्ज दिले आहेत.

आता तुम्ही विचाराल, तुम्ही केलं ते बरोबर की चूक? आम्ही अजूनही सभेत कधीकधी यावर बोलतो. ज्या हातांनी बाटली आडवी केली त्याच हातांनी दुसऱ्या बाटलीची द्राक्षं तोडतो, हे टोचतं आणि ते टोचत राहिलेलं बरं. २०२२ मध्ये मोठ्या दुकानांत वाइन ठेवायला परवानगी द्यायचा निर्णय राज्यात झाला आणि वाद पेटला, तेव्हा काही जण म्हणत होते, वाइन म्हणजे दारू नव्हे. आम्ही त्या बागेत रोज कमावतो, तरी आम्हाला तसं म्हणता येणार नाही. किराण्याच्या फळीवर, पोरांच्या बिस्किटांशेजारी ती असू नये, हे आमचं मत कालही होतं, आजही आहे. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याबद्दल खोटं बोलायचं नाही, तसंच त्याच्यासाठीही खोटं बोलायचं नाही.

तुमच्या गटापुढे असा प्रश्न आला तर आमचं म्हणणं एवढंच. ऐकीव गोष्टींवर हो म्हणू नका आणि ऐकीव गोष्टींवर नाहीही म्हणू नका. जाऊन बघा, आकडे फळ्यावर मांडा, प्रत्येकीला बोलू द्या. जी नाही म्हणते तिला गटाबाहेर ढकलू नका, आणि जी हो म्हणते तिला पापी ठरवू नका.

आणि हो, वाइन दाबून उरलेला चोथा त्यांच्या शेडमागे ढिगानं पडून असायचा. गेल्या वर्षी आम्ही तो शेण आणि पालापाचोळ्यात मिसळून कंपोस्ट केला. आंबट असतो, नुसता टाकला तर मुळांना सोसत नाही, चांगला कुजवावा लागतो. खत उत्तम झालं. त्याची पहिली पाटी कांद्याच्या खळ्यावर जाणाऱ्या ताईंनी नेली, दारातल्या शेवग्याला घातली. म्हणाल्या, "एवढं चालेल मला."

शेवगा लागला आहे. पुढच्या सभेला शेंगा आणणार आहेत.

नमस्कार.